चोवीस ओळींची खिडकी

पुरुषोत्तमनगर हे शहादा तालुक्यातील सहकारी साखर कारखान्याचे गाव. समजा, अशा एखाद्या कारखान्याच्या पाच हजार ऊस-उत्पादक सभासदांची यादी आपल्याला जुन्या टर्मिनलवर पाहायची आहे. पडद्यावर मावतात फक्त चोवीस ओळी. मग उरलेली नावे असतात कोठे?

आरंभी पडदा नव्हताच. १९६३ साली आलेला टेलिटाइप मॉडेल ३३ हा टेलिप्रिंटर सेकंदाला दहा अक्षरे कागदावर छापत असे. कागद वर सरके. मागचे वाचायचे तर भेंडोळे उलगडावे. पुढे कागदाची जागा काचेच्या पडद्याने घेतली. ओळी वर सरकत राहिल्या, पण साध्या टर्मिनलवर वरच्या कडेबाहेर गेलेली ओळ पुसलीच जाई. भेंडोळेच नाहीसे झाले!

यावर उपाय असा निघाला. संपूर्ण यादी संगणकाने स्वतःजवळ ठेवायची आणि पडद्यावरची पहिली ओळ यादीतली कितवी, एवढा एक आकडा लक्षात ठेवायचा. तो एकाने वाढवला की पुढचे नाव दिसते, कमी केला की मागचे. यादी जागची हलत नाही. सरकते ती खिडकी.

पण पडदा दर वेळी नव्याने भरणे महाग होते. २४ ओळी गुणिले ८० अक्षरे म्हणजे १९२० अक्षरे. सेकंदाला ३० अक्षरे वाहणाऱ्या टेलिफोनच्या जोडणीवर त्याला ६४ सेकंद लागत! १९७८ सालच्या व्हीटी-१०० या टर्मिनलला पडद्याचा मधलाच पट्टा सरकवण्याची आज्ञा देता येई. आता एक नवी ओळ धाडली की पुरे. तीन सेकंदांच्या आत काम होई. शिवाय वरची शीर्षके जागेवर राहत. ही सोय क्षुल्लक नव्हे. 'टन' आणि 'येणे रक्कम' ही शीर्षके दिसेनाशी झाली, तर एका रकान्याचा आकडा दुसऱ्याचा समजला जाईल आणि नुकसान शेतकऱ्याचे होईल.

हीच यादी मराठीत हवी, तर आणखी एक अडचण. इंग्रजीत एका अक्षराला एक घर पुरते. 'कृष्णा' या नावात मात्र क, ऋकार, ष, हलन्त, ण आणि काना असे सहा संकेत असून डोळ्यांना अक्षरे दिसतात दोनच. संकेत मोजून ओळ कापली तर जोडाक्षर तुटेल. कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) पुढे वाढवलेले 'जिस्ट' तंत्र याच कामासाठी होते. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे 'इस्की' हे मानक १९९१ साली निश्चित झाले.

वर्गात हे सहज दाखवता येईल. एका पुठ्ठ्याला चार ओळींची फट पाडा आणि तो हजेरीपटावरून खाली सरकवा. मग विचारा : हलले काय, नावे की खिडकी? आज मोबाइलवर बोट फिरवतानाही विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारून पाहावा.