बस्त्याचं पियूष

तिसऱ्यांदा पियूष फसलं तेव्हा आमच्या पनवेलच्या स्वयंपाकघरात सरळ दोन पक्ष पडले. मावशी म्हणाली, पातळ झालंय. आई म्हणाली, पातळच असतं ते, घट्ट हवं तर श्रीखंड खा की! मी मिक्सरच्या भांड्याला आतून चिकटलेले लोण्याचे कण बोटानं निपटत उभी. फिरवण्याच्या नादात चक्क्याचं लोणी निघायला लागलं होतं, हे दोघींपैकी कुणालाच सांगायची माझी तयारी नव्हती.

आमच्याकडे याला नुसतं पियूष कुणी म्हणत नाही. बस्त्याचं पियूष. घरात लग्न ठरलं की बस्ता बांधायला मुंबई गाठायची, दुकानातल्या पांढऱ्या गादीवर मांडी ठोकून चार-चार तास शालू, इरकली, मानपानाच्या साड्या उलगडायला लावायच्या, आणि घासाघीस करून घसा पार कोरडा पडला की उपाहारगृहात शिरायचं. पनवेलला कापडाची दुकानं नव्हती असं नाही. पण बस्ता मुंबईचा, हे व्याह्यांना सांगता यायला हवं ना.

यातली सगळ्यात जुनी गोष्ट पणजीची, आम्ही ती आजीच्या तोंडून ऐकलेली. तेव्हा पनवेलचं बंदर जागं होतं. खाडीतून भाताची वाहतूक चाले आणि भरतीची वेळ साधून मचवा सुटे. ओहोटीत सापडलात तर चिखलात बसून राहा. पणजी मुंबईला आयुष्यात दोनदा गेली आणि दोन्ही वेळा तिनं बाहेरचं काही म्हणजे काही तोंडात घातलं नाही. घरून नेलेल्या दशम्या, त्याही धक्क्यावर पाठमोरं बसून. या कथेत पियूष नाही, म्हणून मावशी ती नेहमी घाईनं उरकते.

आजीची पायरी त्यापुढची. साल 1956, नणंदेचा बस्ता. पहाटेची एसटी, मुंब्र्यावरून ठाणे, पुढं आगगाडी आणि शेवटी गिरगावात ट्राम. ट्रामची घंटा आजी टाळूला जीभ लावून वाजवून दाखवायची. दुकानात दुपार झाली, डबा संपलेला, आणि बायकांच्या घोळक्यात कुणाची चतुर्थी, कुणाचा सोमवार. हॉटेलातलं शिजवलेलं अन्न आजीला चालणार नव्हतं. तिच्या पिढीतल्या बाईला हॉटेलची पायरी चढणं हेच मुळात अवघड होतं. दादरला मामा काण्यांनी 1910 साली काढलेल्या हॉटेलाचं नावच मुळी 'स्वच्छ उपाहारगृह'. गिऱ्हाईकाच्या मनात काय शंका असेल त्याचं उत्तर थेट पाटीवर.

त्या अडचणीतून वाट काढली पियूषनं. दही, साखर, केशर, वेलची, जायफळ. चुलीवर काही शिजलेलं नाही, म्हणजे दुधातुपाच्या खात्यात बसतं. उपासाला चालतं, सोवळ्याला फार टोचत नाही. "त्यात ताक असतं, ताकात पाणी असतं, ते पाणी कुणी भरलं हे आम्ही विचारलं नाही," आजी सांगायची आणि हसताना पदर तोंडाशी न्यायची. मला वाटतं, मराठी बायकांना हॉटेलात नेऊन बसवण्याचं काम साबुदाणावडा आणि पियूष या जोडीनं जितकं केलं, तितकं कुठल्या सुधारकाच्या व्याख्यानानं केलं नसेल. आजीच्या मते ते दुकान गिरगावातलं पणशीकरांचं, आणि पियूष असं की चमचा उभा राहावा. पाच बायकांत दोन ग्लास मागवले होते. प्रत्येकीच्या वाट्याला घोट किती आले असतील? उभ्या चमच्याचं प्रकरण मला तिथंच थोडं संशयास्पद वाटतं.

मावशीचा बस्ता 1974चा. आदल्याच वर्षी वाशीचा खाडीपूल झालेला, त्यामुळे ठाण्याचा वळसा टळला आणि मुंबई एकदम परसात आली. मुक्काम दादर, आणि पियूष सेनाभवनाजवळच्या प्रकाशमधलं. या खेपेला प्रत्येकीला स्वतंत्र ग्लास. मावशीच्या सांगण्यात ते घट्ट होतं, पण पिता येत होतं, आणि वर केशराची काडी दिसत होती. आई तेव्हा पंधरा-सोळाची, करवली म्हणून बरोबर. तिला केशर आठवत नाही, पिवळा रंग आठवतो. बहिणींचं या एका काडीवरून पन्नास वर्षं जमलेलं नाही.

परतीचं मात्र दोघी एकसारखं सांगतात. पुण्याच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली, मांडीवर बस्त्याची गाठोडी, आणि सगळ्या बायका अशा गाढ झोपल्या की पनवेलचा थांबा येऊन गेला. जाग आली ती पळस्प्याला. अंधारात, नव्या शालूचं गाठोडं डोक्यावर घेऊन, फाट्यावर टांगा शोधत उभ्या. आजीनं निदान केलं, जायफळ जास्त पडलं होतं.

माझ्या बस्त्याला, 1998 साली, पनवेलहून लोकल नुकतीच सुरू झाली होती. कुर्ल्याला उतरायचं, गाडी बदलायची, दादर. मी तेच पियूष प्यायले, चांगलं लागलं, आणि खरं सांगते, मला त्यातलं फारसं काही आठवत नाही. पुढं शनिवारी सहज दादरला जाऊ लागलो. जे सहज मिळतं त्याची कुणी गोष्ट सांगतं का?

अमेरिकेत, अटलांटात, माझी भाची राहते. तिथल्या तिच्या म्हाताऱ्या शेजारणीला असाच एक छंद आहे. रिच नावाच्या तिथल्या बड्या दुकानात मॅग्नोलिया रूम नावाची खाणावळ होती. खरेदीला आलेल्या बायका हातमोजे घालून तिथं जेवायला बसत. कोंबडीचं सॅलड आणि सोबत बर्फासारखं गोठवलेलं फळांचं सॅलड. दुकानाचं नाव 2005 साली पुसलं गेलं, आणि शेजारीण दर नाताळात ते फळांचं सॅलड घरी करून बघते. भाची म्हणाली, ती पण दरवेळी म्हणते, तसं होत नाही.

आपलं बरं, प्रकाश अजून चालू आहे. मग घरी करायचा अट्टहास कशाला? कारण मावशीचे गुडघे. तिला दादरचा जिना आता झेपत नाही.

म्हणून चौथा प्रयत्न. एक लिटर म्हशीच्या दुधाचं दही, अदमुरं, आंबट नको. पंच्यात बांधून रात्रभर नळाला टांगलं. सकाळी अर्ध्या किलोच्या आतबाहेर चक्का. त्यात साखर घालून तीन तास मुरू दिली, मग पुरणयंत्रातून काढला. मिक्सर कपाटात. ताक वेगळं घुसळलं, ताजं, आणि ते पळी-पळीनं चक्क्यात घालत रवीनं सारखं केलं. एका दिशेनं, हलक्या हातानं. मोजून दीडपट ताक लागलं. चिमूटभर मीठ. केशर कोमट दुधात. जायफळ किसायचं नाही, हे आजीचं. सहाणेवर दुधाचे थेंब टाकून उगाळायचं. आमची सहाण मधोमध खोलगट झालीय, घरातल्या सगळ्या बाळांच्या गुटीची ती वाट. जायफळाचे सात वेढे दिले आणि तपकिरी गंध बोटानं ओढून पातेल्यात सोडलं. वास आला तशी आई बाहेरच्या खोलीतून उठून आत आली.

चमचा उभा राहिला नाही. कलला आणि सावकाश कडेला टेकला.

मावशीनं स्टीलचा पेला परत पाठवला, काचेचा मागवला. एक घोट घेतला, जिभेवर घोळवला. आम्ही दोघी बघतोय. "गोड जरा कमी," म्हणाली. दुसरा घोट. "केशर दिसतंय." हे आईकडे बघून. आई म्हणाली, आज दिसतंय, तेव्हा नव्हतं. मग दोघींनी दुकानातल्या त्या माणसाचं काढलं, ज्यानं शालूवर पाच रुपये सोडले नव्हते, आणि निळ्या इरकलीचं, जी कुणी ढापली ते अजून ठरलेलं नाही.

मी भांडी घासून बाहेर आले तेव्हा मावशीचा ग्लास रिकामा होता, तळाशी केशराची एक काडी चिकटलेली. मावशी खुर्चीतच मान टाकून झोपली होती, तोंड किंचित उघडं. आईनं पंखा एक नंबरवर आणला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "राहू दे. पळस्पं आलं की उठवू."