जहाज बुडाले तर कोणाचे?

भविष्य-निर्वाह-निधीची प्रकरणे चाळीत असता परवा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा जुना अर्ज दृष्टीस पडला. आपल्या खात्यावर व्याज जमा करू नये, एवढीच त्यात विनंती होती. १९६० च्या नियमांत तशी मुभा आहे, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. सायंकाळी आर. के. पुरमला परतताना मात्र मनात आले, ज्यांच्या धर्माने व्याज वर्ज्य ठरविले, त्यांचा व्यापार शतकानुशतके कोणत्या भांडवलावर चालला?

उत्तरासाठी अरबस्तानात जावयास नको. आपला कोकणकिनारा पुरे आहे. १० व्या शतकाच्या आरंभी अल् मसूदी चौलास आला, तेव्हा तेथे सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याचे त्याने नोंदविले. डहाणूजवळ चिंचणीस मिळालेला शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, ताम्रपट सांगतो की, राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार मधुमती नावाचा ताजिक अधिकारी पाहत असे. मधुमती हे मुहम्मद या नावाचेच संस्कृत रूप होय. त्याने विनामूल्य तरी ठेवल्या आणि अन्नछत्रही घातले. परभाषकांत राहून कारभार करणाऱ्या या गृहस्थाविषयी आपणां परप्रांतस्थांस आपुलकी वाटावी!

अरबी समुद्रावरील या व्यापारी जगाची एक प्रमुख रीत म्हणजे मुदारबा. एकाने पैसा द्यावा, दुसऱ्याने तो घेऊन व्यापार करावा, आणि नफा आधी ठरलेल्या हिश्शाने वाटून घ्यावा. जहाज बुडाले तर मुद्दल धन्याचे जाई, श्रम प्रवाशाचे. हयगय झाली नसेल तर त्याच्याकडे भरपाई मागता येत नसे. कैरोच्या सिनेगॉगात सापडलेल्या जुन्या पत्रांवरून ज्यू व्यापारीही या रीतीने व्यवहार करीत असे दिसते. शेतीसाठी 'सलम' होते: पैसे आज, धान्य सुगीला.

आपल्या परंपरेने हाच धोका निराळ्या रीतीने तोलला. कौटिल्याने दरमहा शेकडा सव्वा हे धर्म्य व्याज मानले. समुद्रावर जाणाऱ्यास मात्र शेकडा २० चालतील असे म्हटले. धोक्याची किंमत तेथे व्याजातच चढविली होती. पुढे दामदुपटीच्या नियमाने साचलेल्या व्याजास मुद्दलाइतकी मर्यादा घातली खरी. तथापि पीक बुडाले म्हणून देणे बुडत नसे. त्याचा परिणाम १८७५ साली सुप्यास दिसला: शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखेच जाळले. १८७९ चा कायदा त्यातूनच आला.

म्हणजे वादाचा गाभा धर्माचा दिसला तरी प्रश्न व्यवहाराचा आहे: नुकसान कोणी सोसावयाचे? आजच्या इस्लामी बँकांनाही तो सुटलेला नाही. त्यांचा बराचसा व्यवहार मुराबहाचा, म्हणजे वस्तू विकत घेऊन ठरीव नफ्याने उधार विकण्याचा. टीकाकार त्यास वेषांतर केलेले व्याजच म्हणतात. आपल्याकडे रघुराम राजन समितीने २००८ साली बिनव्याजी बँकव्यवहाराची शिफारस केली. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली तो विचार सोडून दिल्याचे कळविले.

आमच्या सहकाऱ्यांस नियमाने व्याज नाकारण्याची मुभा दिली. व्याजाऐवजी नफ्या-तोट्यात वाटा घेण्याची वाट मात्र त्या निधीत नाही. अर्जावर 'नियमानुसार' हा शेरा अचूक आहे. चौलच्या बंदरातील एखाद्या व्यापाऱ्यास तो अपुरा वाटला असता.