परजीवी तणे : बुरशीद्वारे नियंत्रण

पिकाचा रस शोषून जगणाऱ्या तणांवर, पिकाला अपाय न करणारी रोगकारक बुरशी सोडून त्यांचा बंदोबस्त करण्याची जैविक पद्धत.

तणे : भाजीपाल्यात दोन तणे विशेष त्रास देतात. अमरवेल (कुस्कुटा) ही पिवळसर, बिनपानांची वेल मिरची-टोमॅटोच्या खोडाला विळखा घालून शोषकमुळे आत खुपसते. बंबाखू (ओरोबँकी) टोमॅटो, वांगी व तंबाखूच्या मुळांवर जमिनीखाली वाढतो. त्याचा कोंब वर दिसेपर्यंत पिकाचे नुकसान होऊन गेलेले असते. एका झाडाला लाखभर बी धरते. ते धुळीच्या कणाएवढे असून वर्षानुवर्षे जमिनीत जिवंत राहते. त्यामुळे नुसत्या खुरपणीने हे तण हटत नाही.

कार्य : पिकाची मुळे स्ट्रिगोलॅक्टोन नावाची द्रव्ये सोडतात. त्यांच्या चाहुलीने बंबाखूचे बी रुजते आणि त्याच चाहुलीने उपकारक मायकोरायझा बुरशीही मुळांकडे वळते. मायकोरायझा मुळांत स्थिरावली, की ही द्रव्ये कमी पाझरतात आणि तणाचे बी कमी रुजते. फ्युजेरियम बुरशीचे काही प्रकार मात्र तणाचे बी व कोवळे कोंब थेट कुजवतात.

वापर : चीनमध्ये 1963 पासून सोयाबीनवरील अमरवेलीसाठी कोलेटोट्रायकम बुरशीचे ‘लुबाओ’ हे औषध फवारले गेले. केनियात मक्यावरील टारफुला (स्ट्रायगा) या परजीवी तणासाठी फ्युजेरियमवर आधारित औषधाला 2021 मध्ये मान्यता मिळाली. तेथील शेतकरी शिजवलेल्या भातावर ही बुरशी वाढवून पेरणीच्या वेळी बियाण्यासोबत खड्ड्यात टाकतात.

खानदेशातील संदर्भ : सावदा (ता. रावेर, जि. जळगाव) हा केळीचा मुलूख आहे. जळगावची केळी आणि भरिताची वांगी या दोन्हींना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केळीवरील पनामा मर रोग फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमच्या ‘क्युबेन्स’ प्रकाराने होतो, तर टारफुल्याला मारणारा ‘स्ट्रायगी’ हा त्याच जातीचा दुसरा प्रकार आहे. जात एक असली तरी प्रत्येक प्रकाराचे भक्ष्य ठरलेले असते, आणि या पद्धतीचा सारा भरवसा त्यावरच आहे. म्हणून अशी बुरशी शेतात आणण्यापूर्वी केळी, वांगी व टोमॅटोवर तिची कसून चाचणी झालीच पाहिजे. शेणखतात मिसळली जाणारी ट्रायकोडर्मा मर व मूळकूज रोखण्यासाठी असते. तिला तणनाशक समजू नये.

मर्यादा : बुरशीला ओल लागते. खानदेशातील कडक उन्हाळ्यात कोरड्या, तापलेल्या मातीत तिचा टिकाव कठीण असतो. यासाठी ही पद्धत इतर उपायांच्या जोडीनेच वापरावी : अमरवेलीचे बी नसलेले स्वच्छ बियाणे, पूर्ण कुजलेले शेणखत, पिकांची फेरपालट, आणि वेल दिसताच फुलण्याआधी ती गुंडाळलेल्या रोपासकट उपटून जाळणे. तोडलेला तुकडा बांधावर टाकला, तर तो दुसऱ्या रोपाला धरून पुन्हा वाढतो.