इंग्रजी शिकताना होणारे प्रमाद : हिंगोली परिसर

हिंगोली जिल्ह्यातील (स्थापना १ मे १९९९, तत्पूर्वी परभणी जिल्ह्याचा भाग) मराठीभाषक विद्यार्थ्यांच्या इंग्रजीत वारंवार आढळणारे व्याकरणाचे व शब्दयोजनेचे दोष. निजामी अंमलात हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची छावणी होती खरी. परंतु दफ्तराची भाषा प्रथम फार्सी व मागाहून उर्दू असल्यामुळे, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानेही उर्दू माध्यमाचाच पुरस्कार केल्यामुळे, इंग्रजीशी या मुलखाचा परिचय मुंबई इलाख्याच्या मानाने विरळच राहिला. पहिलीपासून इंग्रजीचा विषय राज्यभर सुरू झाला तो २००० साली.

यांतील बहुतेक प्रमाद निष्काळजीपणाचे नसून मातृभाषेशी राखलेल्या इमानाचे आहेत. ‘काल मी वसमतला हळद घेऊन गेलो होतो’ या वाक्यातील ‘होतो’ मराठीत पुष्कळदा साध्या भूतकाळाचेच काम करते. विद्यार्थी त्याचे ‘आय हॅड गॉन’ करतो, आणि इंग्रजी वाचक पुढे काय घडले याची उगाच वाट पाहत बसतो.

बोलीमुळे होणारा घोटाळा याहून सूक्ष्म आहे. ‘मी शाळेत जायलो’ हा मराठवाडी बोलीतील चालू वर्तमानकाळ, तर ‘शाळेत जायला उशीर झाला’ यातील ‘जायला’ हे हेतुदर्शक रूप. पहिल्यास ‘गोइंग’ व दुसऱ्यास ‘टू गो’ हवे. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेसारखी पुस्तके प्रमाण मराठीवर रचलेली असल्याने येथील मुलास प्रथम स्वतःच्या बोलीचे पुस्तकी मराठीत व मग इंग्रजीत, असे दुहेरी भाषांतर करावे लागते. हा जाच शिक्षकांच्या क्वचितच ध्यानी येतो.

‘हिंगोलीला जातो’ व ‘हिंगोलीला राहतो’ यांत ‘ला’ एकच. इंग्रजीत मात्र ‘टू’ आणि ‘इन’. ‘मला दोन भाऊ आहेत’ यातील ‘मला’ इंग्रजीत कर्ता होतो, आणि तेथवर पोहोचलेला विद्यार्थीही पुष्कळदा ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणून अडखळतो. ‘ए’ व ‘द’ ही उपपदे मराठीत नाहीतच, म्हणून ती गळतात किंवा भलतीकडे पडतात. ‘उसने’ या एका शब्दापायी ‘बॉरो’ व ‘लेंड’ यांची, तर ‘ऐकणे’पायी ‘हिअर’ व ‘लिसन’ यांची अदलाबदल होते.

नकारार्थी प्रश्नाचे उत्तर हा शेवटचा व चिवट घोटाळा. ‘अजून जेवला नाहीस ना?’ यास मराठी मुलगा ‘हो, नाही जेवलो’ असे रास्त उत्तर देतो. तोच इंग्रजीत नुसते ‘येस’ म्हणाला, तर यजमान त्याचे ताट वाढणार नाही.