कॉम्पॅक्टिन

पेनिसिलियम सिट्रिनम या निळसर-हिरव्या बुरशीच्या संवर्धातून वेगळे केलेले, कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे संयुग. एमएल-२३६बी आणि मेव्हास्टॅटिन ही त्याची अन्य नावे. स्टॅटिन गटातले हे पहिले द्रव्य असले, तरी औषध म्हणून ते कधीच बाजारात आले नाही.

टोकियोतील सांक्यो कंपनीत आकिरा एन्दो (१९३३–२०२४) यांनी मासाओ कुरोदा यांच्यासह १९७१ मध्ये शोध सुरू केला. स्टेरॉलवर जगणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना मारण्यासाठी एखादी बुरशी स्टेरॉलनिर्मितीच तोडणारे द्रव्य बनवत असेल, हा त्यांचा तर्क होता. तर्कापेक्षा चाचणी अधिक मोलाची ठरली. उंदराच्या यकृताच्या अर्कात किरणोत्सारी ॲसिटेट आणि बुरशीचा द्रव घालायचा. किरणोत्सार स्टेरॉलमध्ये उतरला नाही, तर काहीतरी अडले आहे. मग ॲसिटेटऐवजी मेव्हॅलोनेट द्यायचे. तेव्हा स्टेरॉल बनू लागले, तर अडथळा मेव्हॅलोनेटच्या आधीच्या टप्प्यांत आहे, म्हणजे या मार्गाचा वेग ठरवणाऱ्या एचएमजी-कोए रिडक्टेज या एंझाइमवर संशय घ्यायला जागा होते.

सुमारे दोन वर्षांत ६,००० वाण तपासले गेले. आधी हाती लागलेले सिट्रिनिन मूत्रपिंडाला घातक निघाले. हवे ते संयुग देणारी बुरशी क्योतोतल्या एका धान्याच्या दुकानातील तांदळावरची होती. संवर्ध गाळून, द्रावकाने अर्क काढून, तो सिलिका जेलच्या स्तंभातून सोडायचा. बाहेर पडणारा प्रत्येक अंश पुन्हा त्याच चाचणीला लावायचा आणि गुण दाखवील तोच पुढे न्यायचा. ६०० लिटर गाळीव द्रवातून अखेर २३ मिलिग्रॅम स्फटिक मिळाले. रेणूची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित झाली. त्यातील लॅक्टोन कडे उघडले की तो भाग या एंझाइमच्या क्रियाधारातील एचएमजीसारखा दिसतो. म्हणून एंझाइम फसते आणि खऱ्या क्रियाधारापेक्षा सुमारे दहा हजार पट घट्टपणे त्याला धरते.

ज्या प्राण्याच्या यकृतावर शोध उभा राहिला, त्याच उंदरात मात्र औषध चालेना. अडवलेल्या एंझाइमची भरपाई उंदराचे यकृत ते अनेक पटींनी वाढवून करते, हे पुढे कळले. प्रकल्प तगला तो अंडी देणाऱ्या कोंबड्यांमुळे: १९७६ मध्ये त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आले. त्याच वर्षी ब्रिटनमधील बीचम कंपनीच्या संशोधकांनी पेनिसिलियम ब्रेव्हिकॉम्पॅक्टममधून हेच संयुग मिळवल्याचे प्रसिद्ध केले; ते मात्र बुरशीनाशक शोधत होते. कॉम्पॅक्टिन हे नाव त्यांनी दिलेले.

कुत्र्यांवरील दीर्घ चाचणीत कर्करोगाची शंका आल्याने १९८० मध्ये सांक्योने माणसांवरील प्रयोग थांबवले. याच गटातले, अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळालेले लोव्हास्टॅटिन ॲस्परजिलस टेरियस बुरशीचे. कॉम्पॅक्टिनहून त्यात एकच मिथिल गट जास्त. कॉम्पॅक्टिनला स्ट्रेप्टोमायसिस कार्बोफिलस या जिवाणूकडून एक हायड्रॉक्सिल गट जोडून घेतला की प्रॅव्हास्टॅटिन बनते. ते १९८९ मध्ये जपानमध्ये सांक्योनेच विक्रीला आणले.