पक्ष, साध्य आणि मागच्या बाकावरचा प्रश्न

मंडळी, शाळेतली भूमिती आठवा. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. आणि खाली पाठ केलेल्या ओळी. यातले पहिले दोन शब्द न्यायशास्त्रातले आहेत. डोंगर हा पक्ष, त्यावरचा अग्नी हे साध्य, धूर हा हेतू. भूमितीत येताना पक्षाचा अर्थ सरकला, 'जे दिलेलं आहे ते' असा झाला. आणि न्यायातलं 'उदाहरण', म्हणजे 'जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर', ते बिचारं परीक्षेत सोडवायचं गणित होऊन बसलं!

मी परळला तर्कशास्त्र शिकवत होतो तो काळ 1982 च्या गिरणी संपाच्या आधीचा. मुलं बहुतेक गिरणी कामगारांच्या घरची. सिद्धता म्हणजे काय हे सांगायला एकदा भास्कराचार्यांची आकृती काढली. 1150 च्या सुमाराचं त्यांचं 'बीजगणित', त्यातला काटकोन त्रिकोण, बाजू 15 आणि 20. असे चार त्रिकोण कर्ण बाहेर ठेवून जुळवले की मोठा चौरस होतो आणि मधे 5 बाजूचा छोटा चौरस उरतो. त्रिकोण 150 चा एक, चार मिळून 600, मधले 25. एकूण 625, म्हणून कर्ण 25. मी खूश.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे पंधरा-विसाचं झालं. बाकीच्यांचं काय?"

"तसंच," मी म्हणालो.

"सगळे मोजून बघितलेत?"

खरं सांगतो, त्या तासाला उत्तर आलं नाही. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट होती माझी!

घरी आल्यावर गणेश दैवज्ञ आठवले. कोकणातल्या मुरुडजवळच्या नांदगावचे. 1545 मध्ये त्यांनी लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' टीका लिहिली, ती नियमांच्या उपपत्ती देण्यासाठी. उपपत्तीवाचून विद्वानांच्या सभेत मान नाही, हे तर भास्कराचार्यच सांगून गेलेले. युक्लिडही आकृती एकच काढतो, पण तिच्यातलं काय वापरायचं नाही हे पाळतो. अडचण आकड्यांची नव्हतीच, मी ते कुठे वापरले हे दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आकडे पुसले. विचारलं, पंधरा हे पंधराच असण्याची गरज कुठे लागली? चार त्रिकोण म्हणजे दोन बाजूंच्या गुणाकाराची दुप्पट, मधला चौरस म्हणजे त्यांच्या फरकाचा वर्ग. बेरीज केली की दुप्पट कटते आणि दोन बाजूंचे वर्ग उरतात. कुठेच लागली नाही. तोच मुलगा म्हणाला, "दोन्ही बाजू सारख्या असल्या तर मधला चौरस जातो, पण हिशेब चालतो." हे मी सांगितलेलं नव्हतं.

पुढे परीक्षेत हाच प्रश्न घातला. अर्ध्याहून अधिक मुलांनी पुन्हा पंधरा आणि वीसच लिहिलं.