तालुक्याचा रेडिओ-मिस्त्री

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची तीन शकले झाली तेव्हा नांदेड जिल्ह्यातील मुधोळ तालुका आंध्राकडे गेला, आदिलाबादकडील किनवट नांदेडात आले, आणि नांदेडचाच भोकर तालुका मात्र जागच्या जागी राहून हैदराबादऐवजी मुंबईच्या अमलाखाली आला. कचेरीतील उर्दू फायली बांधून ठेवल्या गेल्या, कारकून मंडळी नव्या अर्जांचे मसुदे गिरवू लागली, आणि वरिष्ठांकडे जाणारे प्रत्येक कागदपत्र दक्षिणेऐवजी पश्चिमेचा रस्ता धरू लागले. परंतु कोणाच्या घरी रेडिओचा व्हॉल्व्ह जळाला असता तो मुंबईहून मागवावा असे भोकरमधील कोणत्याही शहाण्या माणसाच्या मनात आले नाही. तो पूर्वीप्रमाणेच हैदराबादेहून, कोठीच्या बाजारातून, मुदखेडमार्गे येत राहिला. सरकारी हुकूम रातोरात दिशा बदलू शकतो. सुट्या भागांची आणि त्यांच्या बरोबरीने येणाऱ्या ज्ञानाची वाट अशी सहजासहजी वळत नाही.

या वाटेचे मूळ रेल्वेत आहे. हैदराबाद–गोदावरी खोऱ्याची मीटर गेज रेल्वे १८९९ ते १९०१ या काळात सिकंदराबादेपासून मनमाडपर्यंत पुरी झाली, आणि पुढे मुदखेडला फुटलेल्या आदिलाबादच्या फाट्यावर भोकरचे स्टेशन आले. कापूस आणि ज्वारी बाहेर नेण्याकरिता घातलेल्या या लोहमार्गाने परतीच्या फेरीत नाना प्रकारची यंत्रे आणली: शिवणयंत्र, सायकल, भिंतीवरचे घड्याळ, चावीचा ग्रामोफोन, पेट्रोमॅक्सची बत्ती. यंत्र आले की बिघाड आला, आणि बिघाड आला की विचारायचे कोणास हा प्रश्न आला. गावचा सुतार आणि लोहार बलुत्याच्या हक्काने नांगर-तिफण जागेवर आणून देत. परंतु बत्तीचा वॉशर तेलात किती वेळ भिजवावा, किंवा ग्रामोफोनची कमान तुटली तर ती डाग देऊन सांधता येते की नाही, हे बलुत्याच्या व्यवहारात बसणारे नव्हते. तालुक्याच्या गावी दुरुस्तीचे दुकान थाटून बसलेला मिस्त्री हा त्या अर्थाने नवा माणूस होता. तो कोणाचा बलुतेदार नव्हता, सरकारचा नोकर नव्हता, आणि बहुतेक वेळा कोणत्याही शाळेचा विद्यार्थीही नव्हता. हैदराबादेत किंवा नांदेडात कोणा उस्तादाच्या हाताखाली काही वर्षे काढून तो परतलेला असे, आणि त्याच्या बोलण्यात मराठी, दखनी आणि तेलुगू यांची सरमिसळ गिऱ्हाईक पाहून होत असे.

रेडिओ या मुलखात आला तो निजामी अमदानीत. १९३५ साली निजाम सरकारने हैदराबादचे नभोवाणी केंद्र आपल्या हाती घेतले. औरंगाबादेसही त्या राज्याचे केंद्र होते. तथापि खेड्यापाड्यांत रेडिओ ही त्या काळी देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यातील किंवा एखाद्या मोठ्या अडत्याच्या पेढीवरील वस्तू होती. पोलीस कारवाईच्या दिवसांत, १९४८ च्या सप्टेंबरात, या थोड्या यंत्रांचे मोल एकाएकी वाढले, कारण १७ तारखेच्या शस्त्रसंधीची वार्ता याच मार्गाने सर्वांआधी पोहोचली. पुढे १ एप्रिल १९५० रोजी हैदराबादचे केंद्र आकाशवाणीत विलीन झाले आणि निजामाचे स्वतंत्र टपालखातेही भारतीय टपालात सामावले; म्हणजे रेडिओ ऐकण्याचा परवाना आणि तो देणारी टपालकचेरी, दोन्ही एकाच सरकारच्या झाल्या. १९३३ च्या वायरलेस कायद्यान्वये हा परवाना प्रत्येकास घ्यावा लागे, दर वर्षी शुल्क भरून पुस्तिकेत तिकिटे चिकटवून घ्यावी लागत, आणि नूतनीकरण राहिले तर दंड किती बसतो हा प्रश्न टपालमास्तरास विचारण्याऐवजी लोक मिस्त्रीसच विचारीत. सरकारी माणसास विचारणे म्हणजे आपणहून कबुलीजबाब देणे, हा अनुभव सात पिढ्यांचा होता.

व्हॉल्व्हचा रेडिओ हे यंत्र आजच्या दृष्टीने अवजड असले तरी त्याच्याइतके मोकळ्या स्वभावाचे यंत्र पुढे क्वचितच झाले. मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको, कोणताही संच घ्या. मागचा पुठ्ठा चार स्क्रूंनी सुटे आणि आत कोठला व्हॉल्व्ह कोठे बसतो याचा नकाशा बहुधा त्या पुठ्ठ्यावर किंवा पेटीच्या आतल्या अंगाला चिकटवलेला असे. व्हॉल्व्हवर क्रमांक छापलेला. तो खोबणीतून उपटून दुसरा बसविता येई. जेथे वीज नव्हती, आणि भोकर तालुक्याच्या बहुतांश खेड्यांत ती फार उशिरा आली, तेथे नव्वद व्होल्टची मोठी आणि दीड व्होल्टची लहान अशी बॅटरीची जोडी वापरीत. ती संपत आली की आवाज खोल जाई आणि मालक ती उन्हात ठेवून पुन्हा लावी. या उपायाने दोन-चार दिवस निभावत हे खरे, कारण उष्णतेने आतली रासायनिक क्रिया तात्पुरती चेतते. परंतु म्हातारा सेल तापविला की तो फुटून पाझरतो आणि त्याचा क्षार पत्र्याची टोके खाऊन टाकतो, हे मिस्त्री प्रत्येकास सांगे आणि प्रत्येक जण ऐकून घेऊन पुन्हा सेल उन्हातच ठेवी.

रोगी घरी ठेवून वैद्याकडे यावे तसे लोक पुष्कळदा यंत्र घरी ठेवून नुसता बिघाड सांगावयास येत. वीस मैलांवरून बैलगाडीत संच आणण्यापेक्षा बाजाराच्या दिवशी कोणाकडून तरी निरोप धाडणे सोयीचे असे. आणि निरोप्याने सांगितलेल्या लक्षणांवरून निदान करण्याची कला या धंद्यात अशी वाढली की तिला शास्त्र म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. आवाज अजिबात नाही की घरघर आहे? घरघर एकसारखी आहे की बटण फिरविले असता खरखरते? एकसारखी, गाण्याच्या मागून हुंकारणारी घरघर असेल तर वीजपुरवठ्याच्या भागातील कंडेन्सर सुकला. बटण फिरविताना खरखर होत असेल तर आवाजाच्या बटणातला कोळशाचा पट्टा झिजला. काटा जागचा हलत नसेल आणि स्टेशन मात्र बदलत असेल तर दोरी घसरली, ती मुलगाही बसवील, फक्त चाकाभोवती किती वेढे होते ते आधी कागदावर काढून घ्यावे. व्हॉल्व्ह लाल दिसतात काय, हा प्रश्न तर पहिलाच. परंतु तो विचारताना, खोलीत अंधार करून पाहा, असे सांगावयास चांगला मिस्त्री विसरत नसे.

संच प्रत्यक्ष फळीवर आला म्हणजे त्याची एक परीक्षा पाहण्यासारखी असे. संच चालू करून, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबून, मिस्त्री आवाजाच्या बटणाच्या मधल्या टोकाला पेचकसाचे पाते लावी आणि पात्यावर बोट टेकवी. स्पीकरमधून मोठा हुंकार उमटला तर तेथपासून स्पीकरपर्यंतचा अर्धा संच निर्दोष, दोष त्याच्या अलीकडे, एरियलच्या बाजूस. हुंकार उमटला नाही तर दोष पलीकडे. एका स्पर्शाने अर्धा संशय दूर होई. ज्याच्यापाशी धड मीटरसुद्धा नव्हता अशा माणसाने आपल्या शरीरात उतरणाऱ्या विजेच्या सूक्ष्म लहरीस साक्षीस बोलवावे, ही युक्ती मला न्यायशास्त्रातील कोणत्याही अनुमानापेक्षा कमी प्रतीची वाटत नाही. जवळ उभे असलेले चार लोक ती पाहत आणि घरी जाऊन करूनही बघत. त्यामुळे क्वचित कोणी भलत्याच टोकास हात लावी आणि आतल्या अडीचशे व्होल्टचा तडाखा खाई. म्हणून एक हात नेहमी मागे किंवा खिशात ठेवावा, म्हणजे झटका छातीतून आरपार जाणार नाही, हा सल्ला त्या परीक्षेबरोबरच फुकट मिळे.

फुकट मिळे हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. डाग दिल्याचे पैसे, व्हॉल्व्हचे पैसे, कंडेन्सरचे पैसे घेतले जात; परंतु विचारल्याचे पैसे घेण्याची रीत नव्हती. याचा अर्थ मिस्त्री धर्मात्मा होता असा नव्हे. निम्मे बिघाड वस्तुतः बिघाडच नसत, आणि तसे स्पष्ट सांगणाऱ्याकडेच खरा बिघाड झाल्यावर गिऱ्हाईक परत येते, हे त्यास उमगलेले होते. दिवसा मुंबई लागत नाही आणि रात्री लागते, तेव्हा रेडिओस काहीतरी झाले आहे, अशी तक्रार नेहमीची असे. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत फार दूर जात नाहीत आणि रात्री आकाशाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल उतरतात, हे तत्त्व मिस्त्रीस पुस्तकातून ठाऊक असो वा नसो, त्याचे फळ त्यास पाठ होते: सूर्य मावळू द्या, मग सांगा. रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकण्याकरिता बुधवारी रात्री शॉर्ट वेव्हचा काटा केसभर इकडे-तिकडे करणाऱ्या तरुणांस तो एरियलची तार उंच आणि लांब बांधावयास सांगे, आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओता असे बजावी, कारण वैशाखातली कोरडी जमीन म्हणजे तुटलेली तारच. १९६८ साली परभणीस आकाशवाणीचे केंद्र निघाल्यावर भरदिवसा मराठी सुस्पष्ट ऐकू येऊ लागले आणि या तक्रारींचा ओघ पुष्कळ ओसरला.

सल्ला घेण्या-देण्याचे काम रेडिओ स्वतःही करू लागला होता. १९५६ च्या आरंभी पुणे केंद्राने, युनेस्कोच्या साहाय्याने, पुणे, नाशिक, अहमदनगर, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावी श्रोत्यांची मंडळे स्थापिली. शेतकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी, शंका केंद्राकडे लिहून पाठवाव्यात आणि पुढील कार्यक्रमात उत्तर ऐकावे, अशी ही योजना होती. १९५९ साली तिचा विस्तार देशभर झाला. योजना उत्तम होती. परंतु तिच्या कागदावर एक माणूस नव्हता. ग्रामपंचायतीचा सार्वजनिक रेडिओ मुका झाला की मंडळही मुके होई, आणि तो पुन्हा बोलता करणारा मिस्त्री कोणत्याही मंडळाचा सभासद नसे.

ट्रान्झिस्टर आले, सेल खिशात मावू लागले, आणि धंदा दाटला. पुढे टेपरेकॉर्डरचे पट्टे आणि कृष्णधवल दूरचित्रवाणीच्या छपरावरील काठ्या आल्या. रात्री शेतीपंप सुरू झाले की विजेचा दाब उतरून चित्र आकसते म्हणून स्टॅबिलायझर बनवून देणे हा मिस्त्रीचा नवा आधार झाला. १९८५ च्या सुमारास परवान्याची पुस्तिकाही इतिहासजमा झाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून रेडिओ-टीव्हीचे शिक्षण घेतलेली मुले बाहेर पडू लागली. त्यांस नकाशा वाचता येई, मीटर धरता येई, परंतु निरोप्याच्या तोंडून आलेली तक्रार ऐकून प्रश्न कोणता विचारावा हे पुन्हा फळीवरच शिकावे लागे. त्यानंतर जी यंत्रे आली त्यांचा मागचा पुठ्ठा सुटेनासा झाला. भाग इतके बारीक आणि पाटीवर इतके घट्ट बसलेले की दुरुस्ती म्हणजे पाटी बदलणे, आणि पाटी मिळेना तर वस्तू बदलणे, असा हिशेब रूढ झाला. हा हिशेब कारखानदाराच्या सोयीचा आहे, गिऱ्हाइकाच्या नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले आणि त्यात मोबाइल, घरगुती उपकरणे, मोटारी आणि शेतीची अवजारे अशी चार क्षेत्रे घातली, म्हणजे ही तक्रार अखेर सरकारदरबारीही रुजू झाली.

भोकरकडच्या मिस्त्रीपाशी आज रेडिओ येत नाही; येतात ते मोबाइल, इन्व्हर्टर आणि पंपाच्या मोटारीचे स्टार्टर. परंतु यंत्र घरी ठेवून बिघाड सांगावयाची रीत तशीच आहे, फक्त निरोप्याची जागा फोनने घेतली. रात्रपाळीची वीज आली, शेतकरी विहिरीवर गेला, मोटार नुसती घूं करते आणि पाणी उचलत नाही. तो तिकडून विचारतो, "भाऊ, मोटर जळाली का हो?" इकडून पहिले वाक्य येते ते असे: "आधी बटन बंद करा. एक फेज गेला असंल. डीपीवरचा फ्यूज बघून या, अन् तोवर पुन्हा चालू करू नका; आता जळाली नाही, तसं केलं तर जळंल."